मदत हवी आहे: बेसिक कमी, स्पेशल अलाउन्स भरपूर, मग पीएफ कशावर?

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ नुकताच चाकणला एका कंपनीत लागलाय. त्याची स्लिप अशी: बेसिक १०,०००, घरभाडे भत्ता ४,०००, स्पेशल अलाउन्स ९,५००, हजेरी भत्ता २,०००, धुलाई भत्ता ५००. एकूण २६,०००. पीएफ कापतात १,२००, म्हणजे फक्त बेसिकच्या १२ टक्के. कंपनीही तेवढेच भरते.

मी म्हटलं, स्पेशल अलाउन्स जवळजवळ बेसिकएवढा आहे, तो का धरत नाहीत? एचआरचं ठरलेलं उत्तर, "भत्त्यांवर पीएफ लागत नाही." भाऊसाहेब खूश, कारण हातात जास्त येतात. मला हे पटत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
ताई, भावाचं पीएफ खातं या नोकरीच्या आधीपासून आहे का? पहिलीच नोकरी असेल आणि रुजू होतानाच पीएफला धरायचा पगार १५,०००च्या वर असेल तर पीएफ सक्तीचा नसतो. मग एचआर उलट तुमच्याच मुद्द्यावर तुम्हाला अडवेल.

धागाकर्ती:
आहे ना. आधी भोसरीला होता, तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) चालू आहे.

प्रतिसाद १:
मग प्रश्न मिटला. सुप्रीम कोर्टाचा २८ फेब्रुवारी २०१९ चा विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणातला निकाल एचआरला दाखवा. जो भत्ता सरसकट सगळ्यांना दरमहा मिळतो, जादा कामाशी ज्याचा संबंध नाही, तो पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा, नाव काहीही दिलेलं असो. घरभाडे भत्ता मात्र कायद्यानेच वगळलाय, त्यावर भांडू नका.

१०,००० आणि ९,५०० मिळून १९,५०० होतात. सक्ती १५,०००पर्यंतच, म्हणून दोन्हीकडून १,८००. पासबुकात कंपनीच्या १,२०० मधले ८३३ पेन्शनच्या रकान्यात आणि ३६७ पीएफच्या रकान्यात दिसत असतील. तिथे १,२५० आणि ५५० यायला हवेत. हजेरी भत्ता धरायचा की नाही या वादात पडूच नका, त्याच्याशिवायच मर्यादा ओलांडली जातेय.

प्रतिसाद २:
शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड (कामगार कायदे) लागू झालेत. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले, की निम्म्याच्या वरची रक्कम वेतनातच मोजायची. म्हणजे एचआरचं सगळं खरं मानलं तरी वेतन १३,०००च्या खाली येत नाही. त्याचे १२ टक्के १,५६०. १,२०० कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. ग्रॅच्युइटीही या वेतनावरच निघते, तेव्हा बेसिक बारीक ठेवण्यात कंपनीचा दुहेरी फायदा.

भावाला आधीच सांगून ठेवा, १,८०० कापायला लागले की हातात ६०० कमी येतील. नाहीतर तो तुमच्यावरच चिडायचा! मात्र कंपनीचा हिस्सा वाढला म्हणून तेवढा पगार कमी करणं कायद्याला मान्य नाही. सीटीसीच्या (कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या) नावाखाली तसं करतात, नवीन स्लिप आली की नीट बघा.

धागाकर्ती:
दोघांनाही मनापासून धन्यवाद. भाऊ प्रोबेशनवर आहे, एकट्याने बोलायला कचरतोय. लाइनवरच्या चौघापाचांच्या स्लिपा आधी बघतो म्हणाला. सगळ्यांनी मिळून एचआरला ईमेल करायचा तर मजकूर कसा असावा? कुणाकडे मसुदा आहे का?