मदत हवी आहे: ली-एनफील्ड .३०३ मध्ये ओतलेली गोळी आडवी लागते, शिवाय जुन्या काडतुसांबद्दल

प्रश्न (बकआय_ओहायो)
रायफल नं. ४ मार्क १, आतून पाच पिळदार खाचांची नळी. साचा १८५ ग्रेन वजनाच्या गोळीचा, शिसे जुन्या व्हील वेटचे (गाडीच्या चाकाला लावायची वजने). गॅस चेक (गोळीच्या तळाची धातूची टोपी) बसवून .३११ इंचाच्या साइझरमधून (गोळी नेमक्या व्यासाची करणारे साधन) काढतो. ५० यार्डांवर निम्म्या गोळ्या कागदावर आडव्या लागतात आणि नळीत शिशाचे पापुद्रे चिकटतात. मिश्रण आणखी कडक करू का?
दुसरे, सरप्लसमध्ये (लष्कराच्या शिल्लक मालात) एचएक्सपी, पीओएफ आणि केएफ शिक्क्यांची काडतुसे मिळत आहेत. पुंगळ्या पुन्हा भरायच्या आहेत. कोणती घेऊ?

उत्तर (शिसे_कथील)
कडकपणाला हात लावू नका, आधी नळी मोजा. .३०३ हा खाचांमधल्या उंचवट्यांचा व्यास. खाचांचा व्यास .३१३ च्या आसपास धरतात, पण युद्धकाळातल्या नळ्या .३१५ च्याही निघतात. तिथे .३११ ची गोळी सैल बसते, कडेने वायू निसटतो, तळाची कड वितळते, ते शिसे नळीला चिकटते आणि गोळीला फिरकी मिळत नाही.

रायफल रिकामी करून बोल्ट काढा, नळीला तेल लावा आणि शुद्ध मऊ शिशाचा तुकडा पितळी दांड्याने हलके ठोकत आरपार काढा. पाच खाचा असल्यामुळे एका खाचेसमोर उंचवटा येतो, म्हणून साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. व्ही-अँव्हिल (व्ही आकाराच्या बैठकीचा) मायक्रोमीटरच हवा. आलेल्या मापापेक्षा गोळी एक-दोन सहस्रांश इंच जाड ठेवा. साचाच बारीक असेल तर पावडर कोटिंग करून २०० अंश सेल्सिअसला २० मिनिटे भाजा, त्याने थोडी जाडी वाढते. मात्र भरलेले काडतूस चेंबरमध्ये जोर न लावता गेले पाहिजे. पुंगळीच्या मानेला (गोळी धरणाऱ्या तोंडाला) फुगायला जागा उरली नाही तर दाब धोकादायक वाढतो.

एक गोष्ट हमखास निसटते: जॅकेटवाल्या (कडक धातूचे आवरण असलेल्या) गोळीसाठीचा एक्स्पांडर, म्हणजे मान रुंद करणारा गोटा, मान घट्ट ठेवतो आणि ती मान मऊ गोळीला दाबून बारीक करते. बसवलेली एक गोळी ओढून काढा आणि पुन्हा मोजा.

व्हील वेटमध्ये जस्ताचे तुकडे असतात. शिसे ३२७ अंशांना वितळते, जस्त ४१९ ला. भांडे ३७० च्या वर नेऊ नका, म्हणजे जस्त वर तरंगते आणि झाऱ्याने काढता येते. गोळीवर सुरकुत्या पडल्या तर साचा थंड आहे किंवा त्यात तेल राहिले आहे. कडा गोल आल्या तर २ टक्के कथील घाला. वितळलेल्या शिशात ओला तुकडा कधीही टाकू नका, वाफेने शिसे उसळते. काम उघड्या हवेत करा, नंतर हात धुवा.

उत्तर (सरप्लस_काका)
पुन्हा भरायचे तर एचएक्सपी, दुसरा विचार नको. ग्रीक माल, बॉक्सर प्रायमर (बार पेटवणारी टोपी, पुंगळीला मध्ये एकच भोक), त्यात नळी गंजवणारे क्षार नाहीत.
पीओएफ पाकिस्तानचे. त्यात चाप ओढल्यावर बार उशिरा उडण्याची ख्याती आहे. केएफ म्हणजे आपल्या खडकीचा कारखाना, पण प्रायमर बर्डन: मध्ये एक भोक नसून बाजूला दोन, त्यामुळे जुना प्रायमर ढकलून काढणारी नेहमीच्या डायची पिन मोडते.

बकआय_ओहायो
शिक्क्यात ७ आणि ७झेड असा फरक दिसतो, तो कशाचा?

सरप्लस_काका
फरक आतल्या दारूचा: ७ म्हणजे कॉर्डाइट, ७झेड म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कॉर्डाइट जास्त तापते आणि नळीचा घसा (चेंबरपुढचा, खाचा सुरू होतात तो भाग) लवकर खाते. जुन्या क्षारयुक्त प्रायमरचा पोटॅशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढतो आणि नळी गंजते. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून त्याच दिवशी चेंबरकडून उकळते पाणी ओता, बोल्टचे तोंडही धुवा, कोरडे करा, मग तेल लावा.
नुसता खट्ट आवाज आला आणि बार उडाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा आणि मगच बोल्ट उघडा.