खात्याच्या नावाने येणारे फसवे मेल: तुम्ही कसे ओळखलेत?

"तुमचं खातं २४ तासांत बंद होईल." "अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झालं आहे, ते तुम्हीच होतात का?" "पेमेंट अडकलं आहे, तपशील पुन्हा भरा." अशा मेलांपैकी काही खरे असतात आणि सगळी अडचण तिथेच आहे. सरसकट सगळे कचऱ्यात टाकून चालत नाही. म्हणून हा धागा. खातं कुठलंही असो. मेलात नेमकं काय दिसलं, शंका कशामुळे आली आणि पुढे काय केलंत, ते लिहा. नुसतं "सावध राहा" म्हणून कुणाचं भलं होत नाही. जवळच्या कुणाचं खातं गेलं असेल तर तेही जरूर लिहा. मात्र फसलेल्या माणसाला बोल लावू नका, आणि फसव्या लिंका जशाच्या तशा इथे चिकटवू नका.

सुरुवात मी करतो. "जागा भरली आहे, नवे मेल येणं थांबेल" असा मेल फोनवर आला. पाठवणाऱ्याचं नाव अगदी बरोबर. फोनमधलं अ‍ॅप बहुतेक वेळा फक्त नाव दाखवतं. नावावर बोट ठेवल्यावर पूर्ण पत्ता उघडला, तो भलत्याच डोमेनचा, म्हणजे @ नंतरचं नाव भलतंच. ते नाव पाठवणारा स्वतः टाइप करतो, त्याला कुणी अडवत नाही. मी मेल डिलीट न करता "फिशिंग" (फसवून पासवर्ड वगैरे काढून घेणं) म्हणून नोंदवला. नोंदवल्याने मेलसेवेला तसेच पुढचे मेल अडवायला मदत होते.

—

मी मेल सर्व्हर सांभाळते, म्हणून वरच्या अनुभवात भर घालते. नावच काय, पत्तासुद्धा खोटा लिहिता येतो. मेल पोचवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ची. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय तिच्यात नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या पुष्कळ नंतर आल्या. जीमेल संगणकावर उघडून मेलशेजारच्या तीन टिंबांत "शो ओरिजिनल" दाबलंत की तिन्हींचे निकाल वरच दिसतात. डीमार्कपुढे "फेल" असेल तर त्या मेलातल्या कशालाही हात लावू नका. "पास"चा अर्थ मात्र एवढाच, की मेल त्या डोमेनवरूनच निघाला आहे. भामट्याने स्वतःचं डोमेन घेऊन तिन्ही गोष्टी नीट लावल्या असतील तर त्याचाही मेल पास होतो. "पास" बघून निर्धास्त झालेली माणसं मी रोज बघते, म्हणून एवढं लिहिलं.

—

बाबांची खाती मी बघते. त्यांना आलेल्या एका मेलातली लिंक त्यांच्या बँकेच्या नावाने सुरू होत होती. ते म्हणाले, "अगं, नाव तर बरोबर आहे की." मी त्यांना लिंक मागून वाचायला शिकवलं. सुरुवातीच्या जोड रेघा सोडून पुढे पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथे थांबायचं आणि मागे यायचं. शेवटचे दोन तुकडे म्हणजे मालक. "बँक डॉट कॉम डॉट लॉगिन-चेक डॉट नेट" असं असेल तर मालक "लॉगिन-चेक डॉट नेट" आहे, बँक नव्हे. त्याच्या आधी मालकाला हवं ते लिहिता येतं. "डॉट को डॉट यूके"सारख्या पत्त्यांत तीन तुकडे बघावे लागतात. लिंक न उघडता पत्ता बघायला संगणकावर माऊस नुसता वर न्यायचा, फोनवर लिंक दाबून धरायची.

बाबांनी हे मन लावून शिकून घेतलं. मग मी त्यांना इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की एमसारखे कसे दिसतात ते दाखवलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. २०१७ मध्ये एका संशोधकाने तर सिरिलिक (रशियन वगैरे भाषांच्या लिपीतली) अक्षरं वापरून अ‍ॅपलच्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता. तेव्हाच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तो खऱ्यासारखाच दिसत होता. क्रोमने नंतर ती फट बुजवली. बाबा म्हणाले, "मग मी माझ्या डोळ्यांनी बघायचं तरी काय काय?" प्रश्न रास्त होता. आता त्यांच्या ब्राउझरमध्ये त्यांच्या सगळ्या खात्यांचे बुकमार्क आहेत. मेल काहीही म्हणो, आत जायचं ते बुकमार्कवरूनच. खात्याबद्दल खरंच काही अडलं असेल तर ते आत गेल्यावर दिसतंच. वडीलधाऱ्यांना खुणांची लांबलचक यादी पाठ करायला लावण्यापेक्षा ही एक सवय लावून द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

—

ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर अजूनही फार लोक विसंबतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. साइट कुणाची आहे हे त्यावरून कळत नाही. त्या कुलपासाठी लागणारी प्रमाणपत्रं आता फुकट मिळतात आणि फसव्या साइटीही ती घेतात. लोकांचा हा गैरसमज होतो म्हणूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते कुलूप काढून तिथे दुसरं चिन्ह आणलं.

—

मला पासवर्ड मॅनेजरने, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणाऱ्या अ‍ॅपने, वाचवलं. पान हुबेहूब होतं, पण नाव आणि पासवर्ड आपोआप भरले जाईनात. मॅनेजर पानाचं रूप बघत नाही, फक्त डोमेन जुळतंय का ते बघतो. अशा वेळी हाताने पासवर्ड टाइप करायचा मोह होतो, तो टाळा. मी तिथेच पान बंद केलं.

—

माझं छायाचित्रांचं पान आहे. "तुमच्या पानाने कॉपीराइटचा भंग केला आहे, हरकत नोंदवली नाही तर पान कायमचं काढलं जाईल" असा मेल आला. भाषा निर्दोष होती. फसव्या मेलात शुद्धलेखनाच्या चुका असतात, हे आता विसरा. यंत्राकडून कुठल्याही भाषेत नीटनेटकं पत्र लिहून घेता येतं. मला शंका आली ती स्वतःच्या मनःस्थितीवरून. सगळी छायाचित्रं मी काढलेली, त्यामुळे अन्याय झाल्याची चीड आली आणि लगेच उत्तर द्यावंसं वाटलं. ती घाई त्या मेलाने माझ्यात मुद्दाम उभी केली होती. मी मेल सोडून अ‍ॅप उघडलं, तिथे कसलीही सूचना नव्हती. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये त्यांनी अलीकडे तुम्हाला पाठवलेल्या मेलांची यादी असते, हेही सांगून ठेवते. यादीत नाही, तर मेल त्यांचा नाही.

—

मी ऑफिसात लोकांना संगणकाच्या अडचणीत मदत करतो. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवणाऱ्या हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांना, जॉन पोडेस्टा यांना, "तुमचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला आहे, तो बदला" असा मेल आला होता. त्यांच्या कार्यालयाने तो तंत्रज्ञाकडे पाठवून विचारलं. तंत्रज्ञाने उत्तरात गूगलची खरी लिंक दिली, पण मेल "खरा" आहे असंही लिहिलं. आपल्याला "खोटा" लिहायचं होतं, असं त्याने पुढे सांगितलं. दाबली गेली ती मेलातलीच लिंक, आणि हजारो मेल चव्हाट्यावर आले. त्यामुळे आमच्याकडे कुणी असं विचारलं की उत्तराची पहिली ओळ ठरलेली असते: "मेलातलं काहीही दाबू नका." खरा की खोटा, ते त्यानंतर.

—

"ओटीपी आहे ना, मग काय भीती?" असं मैत्रीण म्हणाली, म्हणून लिहिते. फसवं पान तुमचा पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतं. खरी साइट तुम्हाला ओटीपी पाठवते, तुम्ही तो फसव्या पानावर भरता, आणि ते पान तो लगोलग पुढे देतं. ओटीपी खरा असतो, आत शिरतो दुसराच. तरी ओटीपी बंद करू नका, नुसत्या पासवर्डपेक्षा तो कधीही बरा. पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबी सुरक्षा-किल्ली मात्र खऱ्या डोमेनशीच बांधलेली असते, फसव्या पानावर ती चालतच नाही. गूगलने २०१८ मध्ये सांगितलं होतं, की ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्यापासून एकाचंही कामाचं खातं फिशिंगने गेलेलं नाही. मेलखात्याला तरी आधी पासकी लावा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंका तिथेच येतात.

—

वरच्या सगळ्या कसोट्यांना उतरलेला मेल मला आला होता. पैसे पाठवण्याच्या एका मोठ्या सेवेकडून बिल. पत्ता खरा, डीमार्क पास, लिंकही त्यांचीच. खात्यात शिरून पाहिलं तर बिल तिथेही होतं! कुणीतरी त्या सेवेवर खातं काढून मला रीतसर बिल पाठवलं होतं आणि बिलाच्या टिपेत लिहिलं होतं, "हा व्यवहार तुम्ही केला नसेल तर ताबडतोब या क्रमांकावर फोन करा." फसवणूक फक्त त्या क्रमांकात होती. फोन केला की पलीकडचा माणूस पैसे परत करायच्या नावाखाली संगणकाचा ताबा मागतो. मागितलेलं बिल म्हणजे कापलेले पैसे नव्हेत, न भरता सोडून दिलं की झालं. मला बोलायचंच होतं, म्हणून सेवेच्या साइटवरून क्रमांक शोधून फोन केला. त्यांनी बिल रद्द केलं.

—

माझ्या बहिणीचं मेलखातं गेलं होतं. तिने लगेच पासवर्ड बदलला, तरी तिला येणारी काही उत्तरं दिसेनात. सेटिंगमध्ये बघितलं तर एक फिल्टर सापडला. बँकेचे आणि खरेदीचे मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जात होते आणि इनबॉक्समधून गायब होत होते. पासवर्ड बदलून फिल्टर जात नाही. जोडलेली अ‍ॅपही पासवर्ड बदलून सुटतील असं धरू नका. मे २०१७ मध्ये "गूगल डॉक्स" असं नाव लावलेल्या एका खोट्या अ‍ॅपने पासवर्ड न मागताच लोकांकडून मेल वाचायची परवानगी मिळवली होती. म्हणून पासवर्डबरोबरच सगळ्या उपकरणांवरून लॉग-आउट करा, फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासा, जोडलेली अ‍ॅप काढा, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन आणि मेल अजून तुमचाच आहे ना ते बघा. एवढं उरकून आम्ही त्या मेलवर नोंदलेली तिची बाकीची खाती तपासायला बसलो, पैशांची आधी.