शब्दचर्चा : 'दामदुप्पट', आणि गहाण 'फिटतं' की 'सुटतं'?

विचारणा
मंडळी, आज्जांच्या ट्रंकेत पन्हाळ्याकडच्या जमिनीचा जुना दस्त सापडला. त्यात ओळ आहे, 'व्याज दामदुपटीपलीकडे देणें नाही.' मी हा शब्द फक्त फसवणुकीच्या बातम्यांत वाचलाय, 'दामदुप्पट योजनेचं आमिष' असा. इथं अर्थ काय? शिवाय वकीलसाहेब म्हणाले, "कर्ज फिटलं असेल, पण गहाण सुटलंय का बघा." यात फरक काय?

उत्तर
ताई, ती ओळ तुमच्या घराण्याच्या बाजूची आहे. दामदुपट हा धर्मशास्त्रातला जुना नियम. एका वेळी वसूल करायचं थकीत व्याज मुद्दलाहून जास्त असू नये. मुद्दल 500, तर व्याजही फार तर 500. दोन्ही मिळून दाम दुप्पट, तिथंच थांबायचं. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही हिंदू ऋणकोंना तो लावला. आधी देऊन झालेलं व्याज मात्र त्यात धरत नाहीत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 मध्येही मुद्दलाहून जास्त व्याज घ्यायला सावकाराला मनाई आहे. बँकेच्या कर्जाला तो कायदा लागत नाही. कर्जदाराची ढाल असलेला शब्द आज गंडा घालणाऱ्यांच्या तोंडी गेलाय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता क्रियापदं. कर्ज फिटतं, जमीन सुटते आणि सातबाऱ्यावरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरतो. तिन्ही वेगळी कामं आहेत. मी कसबा बावड्याला कोर्टाजवळ दस्त लिहितो. मागं कागलकडचे एक ऊसवाले काका आले होते. सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचा कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून जपलेला, घडीवर शाई उडालेली. पैसे कधीच फिटलेले, पण फेरफार घातलाच नव्हता. सातबाऱ्याच्या 'इतर हक्का'त बोजा तसाच. वाटणीच्या वेळी तिथंच घोडं अडलं. बँकेत कर्ज फिटलं की मूळ कागद 30 दिवसांत परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा आदेश आहे. तसं झालं तर तो बँकेला जरूर दाखवा.

कोर्टाच्या भाषेत गहाण सुटण्याला 'गहाणविमोचन' म्हणतात. मला 'सोडवणूक' जवळची वाटते.

विचारणा
पण दादा, पहिल्या पानावर 'मुदतखरेदीखत' लिहिलंय. म्हणजे जमीन विकली की काय?

उत्तर
नावावर जाऊ नका. पैसे परत दिल्यावर जमीन माघारी द्यायची, ही अट त्याच दस्तात असेल तर कोर्ट ते गहाण धरू शकतं. अट वेगळ्या कागदावर असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या 1929 च्या दुरुस्तीनंतर ते गहाण मानत नाहीत. सोडवणुकीच्या दाव्याला साधारण 30 वर्षांची मुदत असते. ताबेगहाण, म्हणजे जमीन सावकाराच्या ताब्यात दिलेली, असेल तर हिशोब निराळा. नुसती 30 वर्षं उलटली म्हणून जमीन सोडवण्याचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलंय. दस्ताचं साल, मुदत आणि जमीन सध्या कोण कसतंय, एवढं कळवा.