कॅम्बर, कास्टर, किंगपिन : तिन्हींना 'कल' चालेल का?

प्रश्न

आमच्या कॉलेजचा संघ 'फॉर्म्युला भारत'साठी गाडी बांधतो. स्पर्धा कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर असते. पुढच्या सस्पेन्शनची जुळणी नव्या मुलांना समजावी म्हणून मी मराठीत टिपण लिहितोय. कॅम्बर (समोरून पाहताना चाक किती तिरपं), कास्टर (चाक ज्याभोवती वळतं तो स्टीअरिंगचा अक्ष बाजूने पाहताना किती तिरपा) आणि किंगपिनचा कोन (तोच अक्ष समोरून किती तिरपा), तिन्हींना 'कल' लिहिलं आणि दुसऱ्याच पानावर मुलं गोंधळली. एकाने तर 'निगेटिव्ह कॅम्बर' (चाकाचा माथा आत) म्हणजे दोष समजून चाकं सरळ उभी करून ठेवली. कोणते शब्द घ्यावेत?

प्रतिसाद

'कल' फक्त कॅम्बरला ठेवा. भिंत कलली, झाड कललं म्हणताना आपल्या मनात वरचं टोकच असतं. त्यामुळे 'आतला कल' म्हटलं की चाकाचा माथा गाडीकडे, हे वेगळं सांगावं लागत नाही. मग ऋण-धन हवंच कशाला? मूळ शब्दाचा अर्थ कमानदार, म्हणून रस्त्याच्या कॅम्बरला 'बाक' शोभतो. चाकाला बाक नसतो, ते अख्खं कलतं. आतला कल मुद्दाम का देतात तेही त्याच ओळीत लिहा. वळणावर बॉडी बाहेर कलंडू पाहते आणि बाहेरच्या चाकाला सोबत ओढते. ते आधीच आत कललेलं असेल तर ऐन वळणात टायर सपाट टेकतो.

प्रतिसाद

माझं गॅरेज आहे. आम्ही कॅम्बरच म्हणतो. गिऱ्हाईक म्हणतं, "गाडी टायर खातेय", "डावीकडे ओढतेय". टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची टोकं आत वळलीत की बाहेर, त्यासाठी 'चवडे आत', 'चवडे बाहेर' म्हणा. स्वतःची पावलं फिरवून दाखवली की पोरांना लगेच कळतं. 'फेंगडी' नको, त्यात अख्खे पाय येतात. आणि कॅम्बर मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत 350 मिमी असतील, तर दोरीपासूनच्या अंतरात 6 मिमी फरक म्हणजे साधारण 1 अंश. आधी जमीन लेव्हल पाइपने तपासा, नाहीतर सगळं मोजमाप वाया.

प्रश्नकर्ता

चवडे घेतले! पण कास्टर?

प्रतिसाद

सायकलचा चिमटा बाजूने पाहा. तो मागे रेललेला असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल बरीचशी सरळ जाते, असं लोक म्हणतात. त्यामागे आणखीही कारणं आहेत, पण कास्टर दिसायला याहून सोपी जागा नाही. 'रेल' असं नाम मात्र करू नका, वाचणाऱ्याला रुळ आठवतील. नाम कास्टरच राहू द्या, क्रियापद मराठी घ्या: 'स्टीअरिंगचा अक्ष मागे 5 अंश रेलला आहे.' समोरून पाहिलं की तोच अक्ष आत झुकलेला दिसतो, तो किंगपिनचा कोन. चाक कलतं, अक्ष मागे रेलतो, अक्ष आत झुकतो. मला हा भेद फार मोलाचा वाटतो, कारण गाडीत या दोघांचं पटत नाही. स्टीअरिंग वळवलं की मागे रेललेला अक्ष बाहेरच्या चाकाला आतला कल देतो, आत झुकलेला अक्ष तोच कल काढून घेतो. तिन्हींना एकच शब्द असेल तर हे भांडण मुलांना दिसणार कसं?

प्रश्नकर्ता

टिपणातलं वाक्य बदललं: 'अक्ष पुरेसा रेलवा, म्हणजे उभ्या गाडीत कल कमी ठेवता येईल.' आता एकच अडलंय. चाक उंचवट्यावरून वर गेलं की स्टीअरिंग न फिरवताही चवडे फिरतात, त्या बम्प स्टीअरला काय म्हणू?