मदत हवी आहे : गार्ड नसलेला जुना ग्राइंडर घेऊ का नको?

मंडळी, कोल्हापुरात उद्यमनगरात एक वर्कशॉप बंद होतंय, तिथला लोखंड कापायचा-घासायचा चार इंची बॉश ग्राइंडर मालक १२०० ला देतो म्हणतोय, चालू करून बघितला, आवाज बरा वाटला पण गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) नाही, बाजूचं हँडल नाही आणि चकती आवळायचा नटपण नाही, पाना तर विसराच. घरचं गेट आणि पत्र्याचं शेड करायचंय, रोजचा धंदा नव्हे.

नट मिळंल, चार इंचीला एम१० चे आटे असतात एवढं माहितीय. खरी अडचण गार्डची, कारण गार्ड बसतो त्या गळ्याचं माप मॉडेलप्रमाणं बदलतं आणि ह्याची नंबरप्लेट पार घासून गेलीय. तिथली पोरं म्हणतात गार्ड कशाला, आम्ही पाच इंची चकती लावून चालवतोय की! अहो ११ हजार आरपीएमला फिरतंय ते, चकती फुटली तर तुकडा थेट तोंडावर. शिवाय भोक तरी कुठं जुळतंय, चार इंचीला १६ एमएम, पाच इंचीला २२.

तर गार्ड नि हँडल सुटं कुठं मिळंल, लक्ष्मीपुरीत का गोकुळ शिरगावकडं? गळ्याचं माप नेमकं कसं घ्यायचं? मालक कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) काढून बघू देतोय, किती उरलेला असला तर चालतो? आणि आत ठिणग्या जास्त दिसल्या तर आर्मेचर (मोटरचा गुंडाळीवाला फिरता भाग) गेलं समजायचं का नुसता कार्बन बदलून भागतं? सगळं धरून नव्याच्या जवळ खर्च जात असंल तर सरळ सांगा, नाद सोडतो.