मदत हवी आहे: ढोलाला घाबरणारी कुत्री, मोबाईलवरचा सराव फसला

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतली केस आहे. गावठी मादी, वय ३, वजन १६ किलो, घर रस्त्याला लागून. गेल्या विसर्जनाला डॉल्बी सुरू झाल्यावर दिवाणाखाली शिरली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आली. मालकांना मोबाईलवर ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावून उकडलेलं चिकन द्यायला सांगितलं होतं. १२ दिवसांत पूर्ण आवाजावरही ती निवांत खायला लागली. परवा गल्लीच्या तोंडाशी पथकाचा सराव सुरू झाला आणि पहिल्या थापेलाच थरथर, शेपूट पोटाखाली, तोंडापुढचं चिकनही नको. विसर्जनाला सहा आठवडे आहेत. कुठं चुकलं?

प्रतिसाद १

मोबाईलच्या स्पीकरमधून खर्ज निघतच नाही. ताशाची तडतड ऐकू येते, पण तावदानं हादरवणारा ढोलाचा घुमारा तिनं सरावात ऐकलेलाच नाही. वूफर असलेला स्पीकर घ्या, तोही तिच्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवा. आवाज इतकाच की कान वळेल, पण अंग सैल राहील. ओठ चाटणं, धाप, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं यातलं काही दिसलं की आवाज जास्त झाला.

एका वेळी ५ ते १० मिनिटं, त्याहून जास्त नको. सलग तीन वेळा निवांत राहिली तरच आवाज एक खूण वाढवा. क्रम काटेकोर हवा: आधी आवाज, एक-दोन सेकंदांनी हरभऱ्याएवढा चिकनचा तुकडा, आवाज बंद की खाऊ बंद. उलटं झालं तर चिकन हीच आवाजाची वर्दी ठरते आणि मग ती चिकनलाच बिचकते. मालकांकडून व्हिडिओ मागवा, सांगण्यावर जाऊ नका.

खऱ्या ढोलासाठी ३००-४०० मीटरवरून सुरुवात करा. खात नसेल तर आणखी मागे जा. आणि पथकाच्या सरावाच्या वेळी तिला घरात ठेवू नका, गाडीतून लांब न्या. रोज संध्याकाळी एकदा घाबरली तर सकाळची मेहनत वाया जाते.

प्रतिसाद २

विसर्जनादिवशी शिकवणी नको. सहा आठवड्यांत ती महाद्वार रोडची मिरवणूक सोसेल अशी आशा मालकांना दाखवू नका. शक्य असेल तर कळंब्याच्या बाजूला एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा, पण त्याआधी दोन-तीन मुक्काम तिथं व्हायला हवेत. अनोळखी घराची भीती वर नको.

घरीच ठेवायची तर सगळ्यात आतली खोली, खिडक्या बंद, पंखा पूर्ण वेगात. दिवाणाखाली गेली तर ओढून काढू नका. जवळ आली तर खुशाल कुरवाळा. कुरवाळल्यानं भीती वाढते हा गैरसमज आहे. फिरवणं पहाटे, हार्नेस आणि गळपट्टा दोन्हींना दोर लावून, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला. दचकून पळालेली कुत्री एका पट्ट्यातून सहज मान काढते.

पशुवैद्यांना आत्ताच भेटा. नुसतं ॲसेप्रोमाझीन हे गुंगीचं औषध नको: अंग लुळं पडतं, भीती तशीच राहते, बिचारीला फक्त हलता येत नाही. भीती कमी करणारं औषध मागा आणि त्याचा पहिला डोस एखाद्या शांत दिवशी देऊन बघा.

धागाकर्ता

व्हिडिओ मागवला. चिकनच्या पिशवीचा खुळखुळाट रेकॉर्डिंगच्या आधी चार सेकंद ऐकू येतोय, आणि तेवढ्यावरच तिचे कान मागे जातायत. आता पिशवी बंद करून कमरेच्या बटव्यात खाऊ ठेवायला सांगू का?

प्रतिसाद १

हो, पण बटवाही दिवसभर कमरेला असू दे. फक्त सरावाआधी बांधला तर त्याचीही पिशवीच होईल.