सावकाश म्हणजे मुकं नव्हे
बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन १:१९ म्हणजे "गप्प बसून सोसा" असं काही जण सांगतात, ते पटलं नाही. तिथे 'बोलण्यास सावकाश' म्हटलंय. मराठीत तर होकार-नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. आपल्या नाशिकातल्या कुठल्याही मंडळीची (चर्चची) कमिटी घ्या: "हिशोब चुकलाय असं मी म्हणत..." इतक्यातच खजिनदार उसळले, की पुढचं "नाही, फक्त पावत्या आधी बघायच्या होत्या" ऐकूच येत नाही! समोरचा बोलत असतानाच मनात उत्तर जुळायला लागतं, म्हणून हे होतं. वाक्य पुरं होऊ द्या, मग तेच आपल्या शब्दांत विचारा, "पावत्या आधी बघायच्या होत्या, असंच ना?" "हो" आलं की बोला. मात्र हे बोलणं पुढच्या सभेवर ढकलू नका. बायबलमधल्याच इफिसकरांस पत्रातल्या ४:२६ प्रमाणे राग सूर्य मावळायच्या आत मिटवायचाय.